पावसाने ओढ दिली आहे, तरी नोंद लिही

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. "ताई, इथे सगळे म्हणतात किती छान ऊन पडलंय, आणि मला मात्र रडू येतं," या ओळीपाशी थांबले आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. तू राहतोस तिथे पाऊस यायचा तो हिवाळ्यातच. अर्धा हिवाळा सरला तरी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ आहे. रात्री दोन-दोन वाजता उठून तू मोबाइलवर पुढच्या पंधरा दिवसांचा अंदाज बघतोस. ढगाचं चित्र दिसलं की जीव भांड्यात पडतो, आणि सकाळी बघावं तर तिथे पुन्हा सूर्य असतो. या वाट बघण्याचं काय करू, असं विचारलं आहेस.

आधी एवढं ऐक, की तुला होतंय ते वेड नाही. पाऊस लांबला की आपण म्हणतो, पावसाने ओढ दिली. आणि जिवाला पाऊस हवाहवासा होतो, त्यालाही आपण ओढच म्हणतो. ओढ देणारा पाऊस, ओढ लागणारे आपण, शब्द एकच. फार वर्षांपूर्वी एका कोरड्या हिवाळ्यात मी नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात 'पावसाची ओढ' असं लिहिलं आणि नंतर बघत राहिले. आभाळाबद्दल लिहिलं होतं की स्वतःबद्दल, मलाच सांगता येईना. तो शेरा मी खोडला नाही.

उन्हाळ्यातलं अवर्षण कुणालाही दिसतं. पानं करपतात, माती तडकते, लोक आपणहून बोलायला लागतात. हिवाळ्यातला कोरडेपणा लपलेला असतो. झाडांची पानं तशीही गळलेली असतात, गवत तसंही थंडीने पिवळं पडलेलं असतं, आणि गारठलेल्या माणसाला ऊन हवंच असतं. म्हणून तू एकटा पडला आहेस. पण जिथे पाऊस हिवाळ्यात येतो, तिथे हाच जमिनीचा साठवणीचा काळ असतो. थंडीत बाष्पीभवन कमी, झाडांची तहान कमी. त्यामुळे १० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यातला बराच मुरतो, खोल जातो. तेवढाच पाऊस उन्हाळ्यात पडला तर पुष्कळसा वरच्यावर उडून जातो. हिवाळा हुकला की त्याचा हिशेब लगेच कळत नाही, चार-सहा महिन्यांनी झरे आणि विहिरी तो सांगतात. तुला तो आत्ताच ऐकू येतो आहे, एवढाच फरक.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर दर हिवाळ्यात बर्फाची खोली मोजतात, कारण पुढच्या उन्हाळ्याचं पाणी त्या बर्फात असतं. १ एप्रिल २०१५ रोजी फिलिप्स नावाच्या ठाण्यावर मोजणी करायला माणसं गेली, तर नळी रोवायला बर्फच नव्हता. त्या दिवशी राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन तिथे सुक्या गवतावर उभे होते. राज्यभरच्या बर्फात साठलेलं पाणी त्या तारखेच्या सरासरीच्या अवघं ५ टक्के होतं. आदल्या कोरड्या हिवाळ्यांतही ज्यांना ऊन छान वाटलं होतं, त्यांनाही तो उघडा डोंगर बघून कळलं असेल.

ढग येतात आणि जातात कुठे, असं तू विचारतोस. बहुतेक वेळा ते तुझ्यापर्यंत येतच नाहीत. हवेच्या जास्त दाबाचा एक पट्टा वर ठाण मांडून बसतो. त्याच्याखाली हवा हळूहळू खाली उतरत राहते. उतरताना ती दाबली जाते, दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेत ढग टिकत नाही, विरून जातो. पश्चिमेकडून येणारी वादळं या पट्ट्याला वळसा घालून ध्रुवाच्या बाजूने निघून जातात. पट्टा एरवी काही दिवसांत सरकतो, पण कधी कधी हलायचं नावच घेत नाही. २०१३ सालच्या डिसेंबरापर्यंत कॅलिफोर्नियासमोरच्या समुद्रावर असा एक पट्टा महिनोन्‌महिने अडून बसला होता. तेव्हा संशोधक विद्यार्थी असलेल्या डॅनियल स्वेन यांनी त्याला 'रिडिक्युलसली रेझिलियंट रिज' असं नाव दिलं, म्हणजे हसू यावं इतका चिवट पट्टा. भारताच्या उत्तरेला हिवाळी पाऊस आणि बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभही काही वर्षी असेच क्षीण पडतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर कित्येक आठवडे बर्फ नव्हता. हे सगळं सांगते ते ज्ञान पाजळायला नव्हे. कारण कळलं की एक गोष्ट होते: पाऊस आपल्यावर रुसला आहे ही भावना थोडी सैल होते. वर जे आहे तो हवेचा दाब आहे. तो सरकतो.

आता मोबाइलबद्दल. रात्रीचं बघणं आजच्या आज बंद कर. हे मी मोठेपणाच्या अधिकाराने सांगते, इथे वाद घालू नकोस. हवामानाच्या अंदाजाला साधारण दोन आठवड्यांच्या पलीकडे दिवसागणिक काही सांगता येत नाही. हवेतला बारीकसा फरक पुढे केवढा मोठा होतो, हे एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिलं होतं. बाराव्या दिवशी दिसणारा तो ढग म्हणजे कित्येक शक्यतांपैकी एक. त्याच्यावर तू जीव टांगतोस आणि तो रोज सकाळी तुटतो. दिवसातून एकदा, सकाळी, पुढच्या पाच दिवसांपुरता अंदाज बघ. बास.

त्या वेळात काय करायचं ते सांगते. पर्जन्यमापक लाव आणि रोज नोंद ठेव.

तू म्हणशील, पाऊसच नाही तर मोजू काय? नेमकं हेच मी तुझ्या वयाची असताना म्हटलं होतं, आणि त्याची खंत मला आजही आहे. तेव्हा मी नुकती नोंदी ठेवायला लागले होते. पावसाच्या दिवशी आकडा लिहायचा उत्साह असायचा. मग एक हिवाळा असा कोरडा गेला की लिहायला काहीच नाही. आठ-दहा दिवस शून्य लिहिलं, मग कंटाळून जागा कोरीच सोडायला लागले. पाऊस नाही हे काय लिहायचं, असं वाटलं. पुढे कुणीतरी मला विचारलं, त्या वर्षी सलग किती दिवस कोरडे गेले? मी वही काढली. सत्तावीस जागा कोऱ्या होत्या. त्यातल्या किती दिवशी पाऊस नव्हता आणि किती दिवशी मी गावाला गेले होते किंवा आजारी होते, ते मलाच सांगता येईना. मधे एकदा भुरभुर झाल्याचं पुसटसं आठवत होतं, पण तारीख नाही. तो हिवाळा माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि माझ्याच हातून हरवला.

शून्य आणि कोरी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मी गेले, पाहिलं, पाणी नव्हतं. कोरी जागा म्हणजे कुणी पाहिलंच नाही.

चिलीमधल्या अरिका या ठिकाणी ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ असे सलग १७३ महिने पाऊस पडला नाही. जागतिक हवामान संघटनेने जगातला सर्वांत लांब कोरडा काळ म्हणून त्याची नोंद घेतली आहे. चौदा वर्षांहून जास्त! हे आपल्याला कळलं, ते तिथे कुणीतरी शून्य लिहीत राहिलं म्हणून. मला त्या माणसांचा फार विचार येतो. किती सकाळी ती त्या भांड्यापाशी जाऊन वाकली असतील.

अमेरिकेत कोलोराडोमधल्या फोर्ट कॉलिन्स गावात १९९७ च्या जुलैत मोठा पूर आला. गावाच्या एका टोकाला धो धो आणि दुसऱ्या टोकाला किरकोळ, असा तो पाऊस होता. मोजणारी ठाणी इतकी विरळ की खरा पाऊस कुठे किती झाला हे नंतर लोकांच्या घरची भांडी-बालद्या विचारून गोळा करावं लागलं. त्यातून पुढच्या वर्षी हौशी निरीक्षकांचं एक जाळं सुरू झालं, कोकोराझ नावाचं. पुरातून जन्मलेलं ते जाळं आपल्या निरीक्षकांना आवर्जून सांगतं, की शून्यही कळवा. दुष्काळाचा नकाशा करणाऱ्यांना त्या शून्यांचाच आधार असतो. वाट बघणाऱ्या माणसाला इतकं उपयोगी काम दुसरं कुठलं मिळणार, सांग.

मापक विकतचा मिळाला तर उत्तम, नाही तर सरळ कडांचा, तळ सपाट असलेला डबा घे. वर आणि खाली सारखाच रुंद हवा, निमुळता नको. घर किंवा झाड जितकं उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर, मोकळ्यावर ठेव. वाऱ्याने कलंडणार नाही असा बसव. पट्टीने मोजलेलं १ मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर. रोज ठरलेल्या वेळी, सकाळी, जाऊन बघायचं. पाणी नसेल तर ०.० लिही. चार थेंब पडून गेले, तळ ओला आहे पण मोजता येत नाही, तर 'थेंब' असं लिही, शून्य नको. जमलंच नाही त्या दिवशी रेघ मार आणि का जमलं नाही ते शेजारी लिही. शेऱ्याच्या रकान्यात वाटेल ते लिही: दव, धुकं, वाऱ्याची दिशा, कुठला पक्षी ओरडला. तुझं रडूसुद्धा लिहिलंस तरी चालेल. मी लिहिलं आहे.

एक गोष्ट तुला पहिल्याच आठवड्यात दिसेल. निरभ्र रात्रीनंतर सकाळी डब्याच्या काठाच्या आतल्या बाजूला दवाचे बारीक थेंब असतात, मोहरीएवढे. बोट लावलं की दोन थेंब एक होतात आणि ओघळतात. तळाशी पोचायच्या आत वाळतात. मोजण्याइतकं ते नसतंच. पण हवेत पाणी आहे, ते गेलेलं नाही, हे बघून मला कोरड्या दिवसांत धीर यायचा. तुलाही यावा असं वाटतं.

दुसरं काम मातीचं. आभाळाकडे बघून बघून मान दुखते, जरा खाली बघ. खुरपी घेऊन एक वीतभर खोल खड्डा कर. वरची दोन बोटं माती भुरकट, हलकी, हातात घेतली तर निसटणारी असेल. त्याखाली रंग बदलतो का बघ. जिथे माती गडद होते तिथली मूठभर घे आणि घट्ट दाब. मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर ओल आहे, भुगा झाला तर नाही. गडद रेषा किती खाली आहे ते पट्टीने मोज आणि वहीत लिही. दर आठवड्याला त्याच जागेच्या शेजारी पुन्हा. पाऊस नसताना रोज बदलणारी गोष्ट ही आहे, आणि ती तुझ्या हाताशी आहे.

मग त्याच सुक्या मातीवर पाण्याचा एक थेंब टाक आणि मनात मोज. पाच सेकंदांच्या आत मुरला तर ठीक. थेंब गोल होऊन वरच बसून राहिला, धूळ अंगावर घेऊन चमकत राहिला, तर माती पाण्याला नकार देते आहे. फार दिवस सुकलेल्या मातीत असं होतं. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातले मेणासारखे पदार्थ कणांवर बसतात आणि पाणी आत शिरत नाही. अशा जमिनीवर तू ज्याची वाट बघतो आहेस तो पाऊस आला, तरी पहिलं पाणी वाहून जाईल. म्हणून मातीवरची पापडी आत्ताच हलक्या हाताने मोड. पाला, सुकं गवत, जे हाताशी असेल त्याचं चार बोटं आच्छादन घाल, झाडाच्या बुंध्याला मात्र चिकटवू नकोस. यंदा-गेल्या वर्षी लावलेली रोपं असतील तर त्यांना पाणी दे, दुपारच्या वेळी, माती गोठलेली नसताना, सावकाश. हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं पण मुळं तहानतात. सदाहरित झाडांची पानं तर थंड कोरड्या वाऱ्यात पाणी गमावतच असतात. तू पाऊस आणू शकत नाहीस, पण पाऊस आला तर तो मुरेल अशी जागा करून ठेवू शकतोस.

पाऊस पाडून देतो म्हणणाऱ्यांविषयी तू विचारलं आहेस म्हणून थोडक्यात लिहिते. ढगांवर रसायनं फवारून पाऊस थोडा वाढवता येतो का, यावर खरं संशोधन चालू आहे. पण त्याला आधी ढग लागतात, निरभ्र आभाळातून कुणीही पाऊस काढू शकत नाही. डिसेंबर १९१५ मध्ये सॅन दिएगो शहराने चार्ल्स हॅटफिल्ड नावाच्या माणसाशी बोलणी केली: मोरेना धरण भरून दे, १०,००० डॉलर घे. त्याने मनोरा उभारून रसायनांची वाफ सोडायला सुरुवात केली आणि जानेवारीत प्रचंड पाऊस आला. पूर आला, लोअर ओटाय धरण फुटलं, माणसं गेली. शहराने पैसे दिले नाहीत. ती वादळं समुद्रावरून आली होती, त्याच्या मनोऱ्यातून नाही. पण तहानलेलं गाव कशावर विश्वास ठेवतं ते बघ. तुझी ओढ कुणाच्या हाती देऊ नकोस.

वासाबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मला फार बरं वाटलं. पहिल्या पावसाचा वास आठवून जाग येते, असं लिहिलं आहेस. त्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दिलं. कोरड्या काळात दगड-मातीवर वनस्पतींची तेलं साचत राहतात, आणि मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. जिओस्मिन आपल्या नाकाला अब्जावधी भागांत काही मोजके भाग इतक्या कमी प्रमाणातही कळतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत वेगवान कॅमेऱ्याने टिपलं गेलं, की थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येतात आणि फुटून तुषार उडवतात. तो वास वर येतो तो त्यांच्याबरोबर. हलक्या, मध्यम पावसात हे जास्त होतं, मुसळधारेत कमी. आणि बेअर-थॉमस यांनी गोळा केलं ते तेल कोरड्या, तापलेल्या दगड-मातीतूनच काढलेलं होतं. म्हणजे जे दिवस तुला वाया गेल्यासारखे वाटतात, त्या दिवसांत तुझ्या अंगणात तो वास साचतो आहे.

उन्हावर खूश असणाऱ्या माणसांशी भांडू नकोस. त्यांना घसा ताणून सांगितलंस तर ती तुला टाळतील, आणि ज्या दिवशी पाणी कमी पडेल त्या दिवशी ती तुझ्याकडे येणार नाहीत. त्यापेक्षा एखाद्याला तुझा खड्डा दाखव. त्याच्या हातात माती दे. केपटाउनमध्ये २०१५ पासून सलग तीन हिवाळे पाऊस कमी पडला, आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा घालावी लागली. शहराचे नळ बंद करावे लागतील असा दिवस जवळ आला होता, तो अखेर टळला, त्यात लोकांनी हात आखडून वापरलेल्या पाण्याचा वाटा मोठा होता, आणि मग त्या वर्षीचा हिवाळी पाऊस बरा झाला. शेजारी उन्हात बसला असेल तर तूही बस. ऊन आवडलं म्हणून पावसाशी बेइमानी होत नाही. मी स्वतः हे कळायला बरीच वर्षं घेतली, कोरड्या दिवसांत हसायलाही मला अपराधी वाटायचं.

यंदा पाऊस येईल का, हे तू पत्रात तीन वेळा विचारलं आहेस. मला माहीत नाही. हिवाळा अजून उरला आहे, काही वर्षी शेवटच्या महिन्यात भरपाई झालेली मी पाहिली आहे, आणि काही वर्षी नाही झाली तेही पाहिलं आहे. खोटा दिलासा तुला देणार नाही.

डबा उद्याच लाव. दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो मला पाठव, सगळी शून्यं असली तरी पाठव. मी वाट बघते. आणि खड्डा केलास की पहिल्याच पत्रात लिही, ओल किती बोटांवर लागली ते.

तुझी,
ताई